आठ डबे

वेल्डन स्टेशनच्या मागे शुक्रवारी सकाळी एकतीस घोडागाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि एकतीसही काठोकाठ गव्हानं भरलेल्या. समोर रूळ होते. रुळांवर मालगाडीचे आठ डबेही होते, ठरल्याप्रमाणे. फक्त ते रिकामे नव्हते. दारं बंद, वर शिशाची मोहोर, आणि आत जो गहू होता तो एमस क्रलचा होता.

एमस क्रल म्हणजे वेल्डनचा कोठीवाला. कॅन्ससच्या त्या टापूत रुळांच्या कडेला धान्याची एकच उंच लाकडी कोठी, आणि ती त्याच्या हातात. शेतकऱ्यानं गहू आणायचा, क्रलनं पितळी मापटं भरून काट्याला लावायचं, नाक मुरडायचं आणि "तिसरी प्रत" म्हणून भाव पाडायचा. तोच गहू कॅन्सस सिटीला पोचेपर्यंत दुसरी प्रत होऊन जायचा. प्रवास मानवतो आपल्या गव्हाला, असं लोक म्हणायचे आणि हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

म्हणून तर शेतकरी आघाडीच्या कॉटनवुड शाखेनं ठरवलं होतं, की यंदा कोठीत गहू घालायचाच नाही. आपले डबे आपण घ्यायचे, आपला गहू आपण भरायचा आणि थेट शहरात पाठवायचा. डबे किती, कुठल्या दिवशी, हे शाखेच्या बंद दाराआड ठरलं. गुरुवारी रिकामे डबे स्टेशनात येणार होते; आधी मागणी केली तर क्रलच्या कानावर जाईल, म्हणून अध्यक्ष लेव्हाय टॉलिव्हरनं शुक्रवारी स्टेशन उघडल्या उघडल्या चिठ्ठी द्यायची, आणि पाठोपाठ गाड्या लावायच्या.

टॉलिव्हरनं चिठ्ठी दिली. स्टेशनमास्तरनं ती उलटी केली, सुलटी केली. "क्रलसाहेबांची चिठ्ठी बुधवारीच आलीय," तो म्हणाला. "काल संध्याकाळी डबे आले, सकाळपर्यंत त्यांनी भरलेसुद्धा. पुढचे डबे कधी येतील ते मी सांगू शकत नाही. माझ्यावर डोळे कशाला वटारता? पहिला येईल त्याला पहिलं, हा काय मी केलेला नियम आहे?"

तेवढ्यात कोठीच्या जिन्यावर क्रल आला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, तोंडात काडी. त्यानं गाड्यांच्या ओळीवरून सावकाश नजर फिरवली.

"आठ डबे हवे होते ना, मंडळी?" तो वरूनच ओरडला. "आठच होते हो! नऊ असते तर एक ठेवला असता तुमच्यासाठी!"

ओळीत सातवी गाडी अर्मिना स्ट्राउडची होती. बावन्न वर्षांची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकटीनं शेत सांभाळणारी ही बाई शाखेची द्वारपाल होती. म्हणजे सभेच्या दिवशी दारात उभं राहायचं, येणाऱ्यानं कानात सांगितलेला गुप्त शब्द तपासायचा आणि मगच आत सोडायचं. शब्द कुठला ते इथे सांगायचं नाही, शपथ आहे. तिच्या गाडीत बसायच्या फळीखाली तरटाच्या पट्ट्यांची मोठी गुंडाळी होती. डब्याच्या दाराला आतून आडव्या फळ्या ठोकल्या की फटींत ही तरटं कोंबायची, नाहीतर अर्धा गहू वाटेत रुळांवर सांडतो. हे काम समितीनं तिच्यावर सोपवलं होतं. ती गुंडाळी आता पायाला लागत होती आणि क्रलचं ते "आठ" तिच्या कानात वाजत होतं.

डबे गेले याचं दुःख होतंच. पण आकडा त्याला कुणी सांगितला?

हाच प्रश्न एकतीस गाड्यांवर एकाच वेळी बसला. माणसं आधी क्रलकडे बघत होती, मग खाली बघायला लागली, आणि मग हळूच एकमेकांकडे.

निम्म्या लोकांनी त्याच दिवशी मान खाली घालून क्रलच्या कोठीत गहू ओतला. मळणीवाल्याचे पैसे द्यायचे होते, थांबायची सोय नव्हती. तिसरी प्रत! बाकीच्यांनी गाड्या वळवल्या. अर्मिनानंही वळवली. परतीच्या वाटेवर ओढ्यापाशी घोड्यांना पाणी पाजायला सगळे थांबले, तेव्हा हायरम पीच तिच्या गाडीला टेकून उभा राहिला. हायरमचं शेत ओढ्याच्या पलीकडे. मनात काही ठेवायची सवय त्याला आईनं लावली नव्हती.

"मी नाव घेत नाही," तो म्हणाला.

"घेऊ नकोस मग."

"नाही, घेत नाहीच. पण क्रलच्या कचेरीच्या पायरीवर मंगळवारी मी काय बघितलं माहितेय? सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. एवढा ढीग! आता तू सांग, अर्मिना, आपल्यात बिया चघळत फिरतो कोण?"

सांगायची गरज नव्हती. त्या भागात बिया चघळणारा एकच सभासद होता, गॉटलीब रायस्विग. जातीनं जर्मन, पण बापजाद्यांनी शंभर वर्षं रशियात व्होल्गाकाठी शेती केलेली, म्हणून गाव त्याला 'रशियन' म्हणायचं. बियांची पिशवी खिशात, गालात दाणा, आणि दातांच्या फटीतून टरफल असं सफाईनं उडवायचा की बघत राहावं. गुप्त शब्द त्याला कधी धड उच्चारता आला नाही. दारात तो वाकून अर्मिनाच्या कानात काहीतरी घोगरं पुटपुटायचा, आणि ती दर वेळी हसू दाबून म्हणायची, "पुरे, पुरे, जा आत."

"कुणाचीही असतील," ती म्हणाली.

"असतील की! क्रलच्या बायकोनं पोपट पाळला असेल." हायरम थुंकला. "तो तिथे गेला होता, अर्मिना. कारकुनाशी जर्मन बोलत बसला होता, अर्धा तास. सोडावॉटरच्या दुकानातल्या पोरानं बघितलंय."

अर्मिनानं लगाम उचलला आणि ती निघाली. तिला राग आला होता, आणि राग हायरमचा आला होता असं तिला घरापर्यंत वाटत राहिलं.

घरी आल्यावर मात्र शंकेची पाल चुकचुकायला लागली. गॉटलीब तिचा शेजारी. कुंपण एक, विहीर जवळजवळ एक. गेली चार वर्षं तिचा गहू तोच कापायचा, स्वतःच्या शेतानंतर लगेच, आणि बदल्यात तिच्या कुरणात त्याच्या गाई चरायच्या. लिहिलेलं काही नव्हतं. तो तिला 'शेजारीणबाई' म्हणायचा, कारण आघाडीतलं 'भगिनी' त्याच्या जिभेला वळायचं नाही. इतका साधा माणूस. पण साधा दिसणाराच नेमका, हे तिनं स्वतःशीच म्हटलं, आणि म्हटल्यावर सगळंच वेगळं दिसायला लागलं. जूनमध्ये आघाडीचा लोकपक्ष निघाला तेव्हा सगळ्यांनी टोप्या उडवल्या, यानं का नाही उडवली? शपथ घेताना हात वर करायला का कचरला? सोमवारी त्याची बायको कॅटरीना कुंपणापाशी कोबीच्या वड्या घेऊन आली, गरम, वरून लोणी सोडलेल्या. अर्मिनानं त्या घेतल्या, आणि ताट परत करताना विचारलं, "गॉटलीब मंगळवारी गावात गेला होता का गं?" कॅटरीनाला इंग्रजी बेताचंच यायचं. ती नुसती हसली. त्या हसण्याचाही अर्मिनानं रात्रभर अर्थ लावला.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तिनं कुणालाच सोडलं नाही. टॉलिव्हरच्या घोड्याच्या अंगावर नवा साज कुठून आला? एवढा बोलणारा हायरम स्वतः मंगळवारी गावात काय करत होता? चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती एकेकाच्या मानेकडे बघत बसायची. माणसाच्या मानेवरून काही कळत नाही, पण बघितल्यावाचून राहवत नाही. अशी गंमत झाली होती, की क्रलनं डबे आठ नेले आणि शाखेतली चौतीस माणसं फुकटात पळवली.

बुधवारी ती अंडी आणि लोणी घेऊन वेल्डनला गेली. अंडी ऑर्फा डिल्वर्थच्या दुकानात द्यायची आणि साखर, कॉफी, दोरा घ्यायचा, हा दर आठवड्याचा नेम. ऑर्फा ही एमस क्रलची सख्खी बहीण. गावात दुसरं कापडाचं दुकान नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे जाण्यात कुणाला काही वाटायचं नाही. आत जाताना तोंड मात्र शिवून जायचं, एवढंच.

ऑर्फानं अंडी एकेक करून दिव्यापुढे धरली. मग हात पुसत म्हणाली, "काय गं, गाद्या शिवून झाल्या का?"

"गाद्या?"

"अगं, मागच्या मंगळवारी तरट नेलंस ना? गाद्यांना अस्तर लावायचंय म्हणालीस."

"हो, हो. झाल्या."

अर्मिनाला ते खोटं चांगलं आठवत होतं. तिला त्या खोट्याचा अभिमानच होता. डब्यांसाठी तरट हवं म्हणून सांगायला ती काय दुधखुळी होती? ढेकूण झालेत, गाद्या नव्यानं शिवतेय, असं तिनं रंगवून सांगितलं होतं, मध्ये एकदा अंगसुद्धा खाजवून दाखवलं होतं. वर लांबीरुंदीही तिनं नेमकी सांगितली होती, उगाच तरट वाया जायला नको म्हणून. सहा फूट लांब, वीतभर रुंद, अशा सोळा पट्ट्या.

ऑर्फा काउंटरवर कोपरं टेकून पुढे झुकली. तिला फार दिवस सांगायची घाई झालेली असावी.

"मी एमसला जेवताना म्हटलं, ती स्ट्राउडबाई वेडी झालीय बहुतेक. वीतभर रुंदीच्या गाद्या! आणि सोळा! एमसनं चमचाच खाली ठेवला. म्हणतो, काय लांबी म्हणालीस? सहा फूट? म्हणतो, ऑर्फे, डब्याचं दार सहा फुटांचं असतं. आणि एका डब्याला दारं दोन." ती हसली, अगदी मनापासून. "सोळाला दोननं भागायला काय शाळेत जावं लागतं? तसाच उठला आणि चिठ्ठी लिहायला बसला. बुधवारी सकाळी पहिल्या टपालाआधी स्टेशनमास्तरच्या हातात दिली. आता झालं गेलं, म्हणून सांगते हो. साखर किती देऊ?"

"दोन पौंड," अर्मिना म्हणाली. आपण बोलतोय हे तिचं तिलाच लांबून ऐकू आलं.

घरी येईपर्यंत बारा मैलांची वाट होती, आणि त्या बारा मैलांत ती स्वतःला जे जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तिची जपून बोलणारी जीभ काही चुकली नव्हती. चुकलं ते माप. कोठीच्या सावलीत जन्म काढलेल्या माणसाला सहा फूट म्हटलं की दारच दिसणार, हे तिला कळायला हवं होतं. डबे तिनं घालवले होते. टरफलं उगाच बदनाम झाली होती.

मग एका वळणावर तिला पहिल्यांदा सुचलं, की हे कुणाला माहीतच नाही. आणि ते सुचल्याची तिला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

कारण शनिवारच्या सभेत दोन विषय होते. एक गॉटलीबला शाखेतून काढायचं की नाही, हा. दुसरा तिचा. बारा ऑगस्टला वेल्डनमध्ये लोकपक्षाचं जिल्हा अधिवेशन भरणार होतं, उमेदवार तिथेच ठरणार होते, आणि कॉटनवुड शाखेच्या वतीनं भाषण करायला अर्मिना स्ट्राउडचं नाव टॉलिव्हरनं पुढे केलं होतं. उभ्या जन्मात तिचं बोलणं कोंबड्यांपलीकडे कुणी ऐकलं नव्हतं. आता हजार माणसांपुढे, व्यासपीठावर, क्रलच्या मापट्याची गोष्ट ती सांगणार होती. गेला महिनाभर लोणी घुसळताना ती तेच भाषण पाठ करत होती. ते तिला हवं होतं. फार हवं होतं.

शाखेची सभा शाळेत भरायची. शनिवारी दोन वाजता तिच्या दारात अर्मिना उभी राहिली. एकेकजण यायचा, वाकायचा, कानात शब्द सांगायचा. आज कुणी हसत नव्हतं. गॉटलीब आला तेव्हा त्याच्या अंगावर रविवारचा काळा कोट होता आणि गालात बी नव्हती. तो वाकला. शब्द या वेळी त्यानं अगदी स्वच्छ उच्चारला. घरी घोकून आला असावा.

"शेजारीणबाई," तो हळूच म्हणाला, "हे लोक चिडलेत फार."

"आत जा, गॉटलीब. सगळं नीट होईल."

ती असं म्हणाली, आणि तिला ते खरंही वाटत होतं. तिचा हिशेब सोपा होता. माणूस काढायचा तर पेटी फिरवतात. प्रत्येकानं एक गोटी टाकायची, पांढरी म्हणजे राहू द्या, काळी म्हणजे काढा. काळ्या निम्म्याहून जास्त पडल्या तरच माणूस जातो. चार टरफलांवरून कोण काढेल? पंधरा-वीस शहाणी माणसं तर असतीलच. गॉटलीब सुटला की विषय मिटला. मग सांगायचीच कशाला ती तरटाची गोष्ट?

आत गॉटलीब फळ्याजवळ उभा राहून बोलला. बाक पोरांच्या मापाचे, मोठमोठी माणसं गुडघे वर करून बसलेली.

"मी गेलो क्रलकडे," तो म्हणाला. "खोटं नाही. रेल्वेच्या जमीन कचेरीचं पत्र आलं इंग्रजीत. मला वाचता येत नाही. तिथला कारकून जर्मन बोलतो. त्यानं वाचून दाखवलं."

"आमच्याकडे का नाही आलास?" हायरमनं विचारलं. "आम्हाला काय वाचता येत नाही?"

"तुम्ही हसता," गॉटलीब म्हणाला.

आणि खरोखर कुणीतरी मागे खुदकन हसलं. मग खाकरल्यासारखं केलं.

"पत्र कुठंय?" टॉलिव्हरनं विचारलं. लढाईत एक हात गेलेला हा म्हातारा, आवाज मात्र दोन माणसांचा.

"त्याच्याकडेच राहिलं. उत्तर लिहून देतो म्हणाला."

"क्रलच्या कचेरीत राहिलं!" हायरम म्हणाला. आणखी काही म्हणायची गरज पडली नाही.

नियमाप्रमाणे गॉटलीबला बाहेर थांबायला सांगितलं. अर्मिनानं दार उघडलं, तो तिच्या जवळून गेला, तिनं दार लावलं. हाच तो क्षण होता. मागे वळायचं आणि बोलायचं, चार वाक्यं. तिनं तोंडही उघडलं. तेवढ्यात टॉलिव्हर म्हणाला, "भगिनी, पेटी फिरवा," आणि पेटी फिरवणं हे द्वारपालाचंच काम, म्हणून तिनं ती उचलली.

बाकांमधून ती पेटी घेऊन फिरली. एकेक हात पेटीच्या भोकात जायचा, टक् असा आवाज यायचा. कुणी तिच्या डोळ्यांत बघेना. तिला वाटत राहिलं, या हातात पांढरी असेल. याच्या नक्कीच. ही बाई तर कॅटरीनाच्या बाळंतपणाला गेली होती, हिची पांढरीच. शेवटी तिनं स्वतःची टाकली. पांढरी. जणू तेवढ्यानं काही फिटणार होतं!

टॉलिव्हरनं पेटी मास्तरांच्या टेबलावर उलटी केली. गोट्या घरंगळल्या. मोजायला फार वेळ लागला नाही. अठ्ठावीस काळ्या, चार पांढऱ्या.

"बंधू रायस्विग यांचं सभासदत्व—"

"थांबा," अर्मिना म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. ढेकूण, गाद्या, सोळा पट्ट्या, सहा फूट, ऑर्फाचं हसणं, चमचा खाली ठेवणारा क्रल. काही लपवलं नाही.

तिला वाटलं, आता ओरडतील, आता शिव्या देतील. तिनं मनाची तयारी केली होती.

"भगिनी," टॉलिव्हर मऊ आवाजात म्हणाला, "तुमचं मन फार मोठं आहे. हे आम्हाला माहीत आहे."

"मनाचा काय संबंध? मी जे झालं ते सांगतेय!"

"अगं, ऑर्फा डिल्वर्थ सांगते आणि तू ऐकतेस?" हायरम म्हणाला. "क्रलची बहीण! तिला पढवून ठेवलंय त्यानं, रशियन माणूस वाचावा म्हणून. दिसत नाही का तुला?"

"तिनं भागाकार करून दाखवला हायरम, भागाकार!"

"तेच तर. एवढं जमवून सांगतात का लोक खरं?"

मागच्या बाकावरून एक बाई हळूच शेजारणीला म्हणाली, "गहू तोच कापतो ना हिचा." एवढंच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. अर्मिनाचे कान तापले.

टॉलिव्हरनं टेबलावर हात आपटला. "ऐका! कौल पडलाय, पेटी परत फिरत नाही. पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा डबे घेणार, आणि ते घ्यायचे तर शाखेतल्या माणसानं शेजारच्या माणसावर विश्वास ठेवला पाहिजे. आज तो विश्वास बसलाय. भगिनी, तुम्हाला काय हवंय? या लोकांनी घरी जाऊन बायकापोरांना सांगावं, की आपण तरटाच्या पट्टीवर हरलो?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून अर्मिनाला कळलं, की त्यानं तिचं ऐकलंय. शब्दन्शब्द ऐकलंय आणि पटलंयसुद्धा. पण चिडलेल्या शाखेला पोसायला एक गद्दार पुरतो, मूर्ख पुरत नाही. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "द्वारपालांनी बाहेर जाऊन निर्णय कळवावा. पुढचा विषय, अधिवेशनासाठी वक्ता."

बाहेर ऊन रणरणत होतं. शाळेपुढच्या खांबाला घोडे बांधलेले. गॉटलीब त्याच्या गाडीच्या सावलीत उभा होता, कोट हातावर घेतलेला. तिला येताना बघून त्यानं टोपी काढली.

"काढलं तुला," ती म्हणाली. "अठ्ठावीस काळ्या."

त्यानं मान हलवली. आकडा नीट समजून घेतल्यासारखी.

"गॉटलीब, तू काही केलेलं नाहीस. मी केलंय. नकळत केलं, पण मीच." आणि तिनं त्यालाही सगळं सांगितलं, भराभरा, घाम पुसत. तरट म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. सोळा म्हणताच त्यानं डोळे मिटले. "मी आत उभं राहून सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत ते. माझी शपथ, सगळं सांगितलं."

शाळेतून टाळ्यांचा आवाज आला. मोठा, दणदणीत, आठवडाभर दाबून ठेवलेला. "एकमतानं!" कुणीतरी ओरडलं, हायरमच असावा. मग टॉलिव्हरचा आवाज, "भगिनी अर्मिना! आत या!"

गॉटलीबनं दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो एखादा कठीण इंग्रजी शब्द जुळवत असावा तसा थांबून थांबून बोलला.

"तुम्ही आत सांगितलं, शेजारीणबाई. ते पेटी फिरायच्या आधी, की नंतर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. आत जाऊन तो काही विचारणार नव्हता, त्याला आता कधीच आत जाता येणार नव्हतं.

"नंतर," ती म्हणाली.

त्यानं टोपी घातली. चाकावर पाय ठेवून वर चढला, लगाम हातात घेतला, दोन्ही घोड्यांच्या पाठी एकदा बघून घेतल्या.

"जा आत," तो म्हणाला. "बोलावतायत तुम्हाला."

गाडी वळली. तिनं ती रस्त्याला लागेपर्यंत बघितली. आतून पुन्हा हाक आली, तेव्हा अर्मिनानं नुसत्या हातानं तोंड पुसलं आणि ती आत गेली.